जोगळटेंभीच्या नाण्यांवरील दुसरा ठसा : एका रूढ मताचें परीक्षण

नाशिक जिल्ह्यांतील जोगळटेंभी येथें इ. स. १९०६ मध्यें सांपडलेला रौप्य नाण्यांचा निधि या त्रैमासिकाच्या वाचकांस सुपरिचित आहे. रेव्हरंड एच्. आर्. स्कॉट यांनीं त्याची छाननी करून रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकांत इ. स. १९०८ मध्यें वृत्तांत दिला. त्याच वर्षीं रॅप्सन यांची आंध्र व पश्चिम क्षत्रप नाण्यांची सूची ब्रिटिश म्यूझियमनें प्रसिद्ध केली. तेव्हांपासून दक्षिणेच्या प्राचीन इतिहासावर लिहिणाऱ्या बहुतेकांनीं या निधीचा आधार घेतला आहे. परंतु आधार घेतांना मूळ वस्तूकडे पुनः पाहण्याचे श्रम थोड्यांनींच घेतले, व त्यामुळें दोन मतें अशीं रूढ झालीं आहेत कीं आतां तीं मतें म्हणून कोणी सांगत नाहीं, वस्तुस्थिति म्हणूनच सांगतात. त्या दोन मतांचें परीक्षण करावें एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम वस्तूचें स्वरूप थोडक्यांत सांगतों. हिशेबांत आलेलीं नाणीं सुमारें १३,२५०. सर्व मूळचीं क्षहरात नहपानाचीं. त्यांच्या एका बाजूस उजवीकडे पाहणारें मस्तक व भोंवतीं ग्रीक अक्षरांचा लेख. दुसऱ्या बाजूस बाण व वज्र, आणि ब्राह्मी व खरोष्ठी या दोन लिपींत राजाचें नांव. ग्रीक अक्षरें हीं प्राकृत लेखाचेंच लिप्यंतर आहेत हें या निधीमुळें निश्चित झालें. या नाण्यांपैकीं सुमारें ९,२७० नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला ठसा पुनः मारलेला आहे : एका बाजूस त्रिकूट पर्वत, ज्यास कित्येक चैत्य म्हणतात, त्याखालीं नागमोडी रेषा व भोंवतीं 'रञो गोतमिपुतस सिरि सातकणिस' हा लेख, दुसऱ्या बाजूस अधिकाच्या आकृतीच्या चार टोकांस चार वर्तुळें असलेलें उज्जयिनी-चिन्ह. बाकीचीं सुमारें ३,९८० नाणीं, म्हणजे दर दहांत तीन, जशींच्या तशीं आहेत.

आतां रूढ मतें पाहूं. पहिलें मत असें कीं, नहपानाच्या नाण्यावरील मस्तक ही रोमन बादशहांच्या रौप्य नाण्यांची नक्कल असून बादशाही वैभवाची छाप आपल्या राज्यावर पाडावी म्हणून क्षत्रपानें ती उचलली. दुसरें मत असें कीं, गौतमीपुत्रानें नहपानाचें तोंड व नांव जगांतून पुसून टाकावें या सूडबुद्धीनें तीं नाणीं पुनः ठोकलीं. दोन्ही मतें एकत्र केलीं म्हणजे चित्र मोठें नाट्यपूर्ण होतें : एकानें रोमचें तोंड आणलें, दुसऱ्यानें तें फोडलें. नाट्य हा प्रमाणाचा प्रकार नव्हे, म्हणून प्रत्येक मत स्वतंत्रपणें तपासणें अवश्य आहे.

पहिल्या मतास कांहीं आधार आहे हें आम्ही प्रथमच मान्य करतों. रोमन रुपें या देशांत येत होतें यांत संशय नाहीं. 'पेरिप्लस' या ग्रीक नाविकग्रंथांत भरुकच्छ बंदरीं सोन्याचे व रुप्याचे रोमन 'दिनारियस' येत व देशी नाण्यांशीं त्यांची मोड करतांना नफा होई असें सांगितलें आहे. त्याच ग्रंथांत ज्या राजाचें नांव विकृत रूपानें आलें आहे तो नहपानच असें विद्वान् मानतात. ऑगस्टसचे, ज्यांवर त्याचे दत्तक पुत्र गायस व लूशियस ढाल-भाला घेऊन उभे आहेत, ते दिनारियस व तिबेरियसचे, ज्यांवर हातांत राजदंड घेऊन बसलेली स्त्री आहे, ते दिनारियस दक्षिण हिंदुस्थानांत हजारोंनीं सांपडले आहेत. वारस दाखवावयाचा असला कीं त्यास नाण्यावर उभा करावयाचा, मुख्य धर्माधिकाराची पदवी मिळाली कीं ती नाण्यावर कोरावयाची, ही रोमची रीत होती. नाणें हें त्यांचें राजपत्रच होतें. असें नाणें पाहून पश्चिम किनाऱ्यावरील टांकसाळीच्या कारागिरानें मस्तक कोरण्याची तऱ्हा कांहीं अंशीं उचलली असेल. स्कॉट यांनीं नोंदविल्याप्रमाणें नहपानाच्या नाण्यांवरील मस्तकें वयानें व चेहरेपट्टीनें एकमेकांपासून फार भिन्न आहेत. कारागिरापुढें राजाची एकच निश्चित प्रतिमा नसून नमुने अनेक होते असा तर्क त्यावरून संभवतो.

परंतु तऱ्हा उचलणें निराळें आणि राजकीय अर्थासह नाणें उचलणें निराळें. या दुसऱ्या गोष्टीविरुद्ध तीन प्रमाणें आहेत. पहिलें लिपीचें. रोमन दिनारियसावरील लेख लॅटिन अक्षरांत असतो. नहपानाच्या नाण्यावर ग्रीक अक्षरें आहेत. नक्कल करणारा मस्तकाची नक्कल करील व भोंवतालचीं अक्षरें मात्र दुसऱ्याच लिपींतून आणील हें संभवत नाहीं. दुसरें वजनाचें. ऑगस्टसच्या वेळीं एका रोमन पौंडांत ८४ दिनारियस पाडीत, म्हणजे एकाचें वजन सुमारें ३.९ ग्रॅम, नीरोनें इ. स. ६४ च्या सुमारास तें प्रमाण ९६ वर नेल्यावर सुमारें ३.४ ग्रॅम झालें. नहपानाचें नाणें दोन ते अडीच ग्रॅमच्या मध्यें भरतें. तें अर्धा दिनारियस मानावें तर नीरोच्या पूर्वीचा अर्धा दोन ग्रॅमांहून कमी व नंतरचा पावणेदोनांच्याही आंत येतो. उलट यवन राजांचा हिंदुस्थानांतील हलका द्रम्म सुमारें २.४५ ग्रॅमचा होता, व नहपानाचें नाणें त्याच्याशीं जुळतें. तिसरें प्रमाण पेरिप्लसचेंच. अपोलोडोटस व मिनँडर यांचे ग्रीक अक्षरें असलेले जुने द्रम्म आपल्या काळींही भरुकच्छास चालतात असें तो नाविक लिहितो. ज्या पेठेंत मस्तक व ग्रीक अक्षरें असलेलें हलकें रौप्य नाणें दोनशें वर्षे लोकांच्या हातांत खेळत होतें, तेथें क्षत्रपास नवें चालवावयाचें नाणें कशासारखें असावें हें शिकण्यास रोमपर्यंत जाण्याचें कारण नव्हतें.

येथें शब्दाचें एक उदाहरण देण्याचा मोह आवरत नाहीं. 'दिनारियस' हा रोमचा शब्द संस्कृतांत 'दीनार' होऊन आला. परंतु गुप्तकालीन लेखांत तो सोन्याच्या नाण्यास लावलेला आहे, रुप्याच्या नव्हे. नांव आलें, वस्तु बदलली. उसनवारीचा इतिहास असा वांकडा असतो. साम्य दिसतांच 'नक्कल' हा शब्द लेखणीवर येऊं देऊं नये.

दुसरें मत अधिक महत्त्वाचें आहे, कारण त्यावर गौतमीपुत्राच्या राजनीतीविषयींचा सर्व निर्णय अवलंबून आहे. या मताचा मुख्य आधार म्हणजे नाशिकच्या लेण्यांतील गौतमी बलश्रीचा लेख. त्यांत तिच्या पुत्रानें क्षहरात वंश निःशेष केला असें विशेषण आहे. परंतु तो लेख केव्हांचा? वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या राज्याच्या १९ व्या वर्षाचा, म्हणजे पुत्र निवर्तल्यावर नातवाच्या काळीं वृद्ध मातेनें कोरविलेला. मीमांसकांच्या परिभाषेंत बोलावयाचें तर तो अर्थवाद आहे, विधि नव्हे. स्तुतिपर विशेषणांतून पराजयाची गोष्ट खरी मानावी. टांकसाळींतील अधिकाऱ्यांस काय आज्ञा दिली होती हें त्यांतून काढूं नये.

गौतमीपुत्राचा स्वतःचा शब्द याहून जवळचा आहे. त्याच नाशिकच्या लेण्यांत त्याच्या १८ व्या वर्षाचा लेख आहे. गोवर्धन प्रांतांतील विजयी छावणींतून काढलेल्या त्या आज्ञेनें पूर्वीं उषवदाताच्या, म्हणजे नहपानाच्या जांवयाच्या, ताब्यांत असलेलें दोनशें निवर्तनें शेत त्रिरश्मि पर्वतावरील भिक्षूंस दिलें. शत्रूची जमीन उध्वस्त केली नाहीं. धनी बदलला व दानपत्र नवें झालें. याहून बोलकी गोष्ट अशी कीं, उषवदाताचीं स्वतःचीं दानें ज्यांत सांगितलीं आहेत ते लेख, त्यांतील नहपानाच्या नांवासह, त्याच डोंगरांत आजही शाबूत आहेत. छिन्नीचे चार घाव घातले असते तर तें नांव गेलें असतें. ज्या राजास शत्रूचें नांव जगांतून पुसावयाचें होतें, त्यानें हजारों लहान नाण्यांवर श्रम करावे आणि सर्वांच्या डोळ्यांपुढील भिंतीवरचें नांव तसेंच ठेवावें, हें कसें?

नांव पुसणें म्हणजे काय हें पाहावयाचें असेल तर रोमकडेच पाहावें. तेथें त्याची सार्वजनिक पद्धतिच होती. गेटा मारला गेल्यावर त्याचें नांव शिलालेखांतून खोदून काढलें. सेप्टिमियस सेव्हरसच्या रोममधील कमानीवर ती खोदाई अजून दिसते. कॅलिग्युलाच्या मुद्रेचीं तांब्या-कांशाचीं नाणीं वितळविण्याचा ठराव झाल्याचें त्यांचा इतिहासकार डायो सांगतो. उलट उदाहरणही तेथलेंच. अँटनीनें ऑक्टेव्हियनशीं झालेल्या युद्धासाठीं इ. स. पू. ३२-३१ मध्यें पाडलेले, एका बाजूस गलबत व दुसऱ्या बाजूस सैन्याचीं निशाणें असलेले दिनारियस त्याचा पराभव झाल्यावरही सुमारें दोनशें वर्षें चालत राहिले. त्यांतील रुपें हिणकस असल्यामुळें वितळवून कोणास लाभ नव्हता. पुढें वेस्पासियनच्या काळीं आशियांत अशा जुन्या नाण्यांवर त्याच्या नांवाचा बारीक शिक्का मारला गेला. कोणाच्या तोंडाचें नाणें जिवंत राहील हें पुष्कळदां द्वेषापेक्षां धातूच्या कसावर ठरतें.

खऱ्या द्वेषानें पुनः ठोकलेलीं नाणीं पाहावयाचीं तर इ. स. १३२ ते १३५ च्या यहुदी बंडांतील पाहावींत. बर कोखबाच्या पक्षानें चालू रोमन रौप्य नाणीं घेऊन, पुष्कळदां पूर्वींचा उठाव घांसून वा ठोकून सपाट करून, त्यांवर आपल्या मंदिराचीं व स्वातंत्र्याचीं चिन्हें उमटविलीं. आमच्या देशांतही तोंड फोडल्याचें उदाहरण आहे : पुदुकोट्टाई येथें इ. स. १८९८ मध्यें सांपडलेल्या ५०१ रोमन सुवर्ण नाण्यांपैकीं बहुतेकांवर बादशहाच्या मस्तकावर मुद्दाम छिन्नीचा घाव आहे. अशा घावाचा नेम नेहमीं चेहऱ्यावरच असतो. जोगळटेंभीच्या नाण्यांत असा नेम दिसत नाहीं. ठशापूर्वीं नाणें सपाट करण्याची काळजी घेतलेली नाहीं. पुष्कळ नाण्यांवर पर्वताच्या आड नहपानाचें नाक, कान वा अक्षरें स्पष्ट दिसतात. त्यामुळेंच मूळ नाणें कोणाचें हें आपणांस ओळखतां आलें.

यावर पूर्वपक्ष म्हणेल कीं, हजारों नाणीं घाईनें ठोकतांना सपाट करण्यास वेळ कोठून? शिवाय नुसती मान्यता द्यावयाची असती तर वेस्पासियनप्रमाणें बारीक शिक्का पुरला असता. दोन्ही बाजूंवर पूर्ण आकाराचे ठसे मारण्याचें प्रयोजन काय? या आक्षेपांपैकीं दुसरा वजनदार आहे व तो आम्ही स्वीकारतों. गौतमीपुत्रास आपलें नांव व चिन्ह ठळकपणें लोकांपुढें आणावयाचें होतें. ती राजकीय घोषणाच होती. परंतु 'आतां राजा मी' ही घोषणा आणि 'तो कधीं नव्हताच' ही घोषणा एक नव्हे. पहिलीस दोन पूर्ण ठसे पुरेसे आहेत. दुसरीस ते पुरेसे नाहींत. पहिला आक्षेप तर त्याच पक्षावर उलटतो : ज्या कामास वेळ काढला नाहीं तो त्या कृत्याचा हेतु होता असें म्हणतां येत नाहीं.

राहिली गोष्ट तीन दशांश नाण्यांची. एकाच घड्यांत ९,२७० ठसा मारलेलीं आणि ३,९८० न मारलेलीं नाणीं कशीं? नहपानाचें नाणें निषिद्ध असतें तर इतकीं नाणीं तशीं बाळगणें धोक्याचें होतें. कोणी म्हणतात, ठोकण्याचें काम अपुरें राहिलें. तेंही शक्य आहे. परंतु आम्हांस एक निराळी दिशा सुचवावीशी वाटते. 'रूप्य' शब्दाची सिद्धि सांगतांना पाणिनि 'आहत' हा अर्थ देतो. ज्यावर रूप ठोकलें तें रूप्य. ठोकण्याचा अधिकार कोणाचा व त्याचें मूल्य काय, हें कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत आहे. तेथें टांकसाळीवर लक्षणाध्यक्ष व नाणें पारखण्यास रूपदर्शक असे दोन अधिकारी सांगितले असून, चलनाचे दोन वर्ग मानले आहेत : व्यावहारिक, म्हणजे लोकांच्या देवघेवींत चालणारें, आणि कोशप्रवेश्य, म्हणजे सरकारी खजिन्यांत स्वीकारलें जाणारें. पुढें शेंकडा आठ रूपिक, शेंकडा पांच व्याजी व शेंकडा एक अष्टमांश पारीक्षिक असे आकार दिले आहेत. एकूण शेंकडा सव्वातेराच्या सुमारास. शामशास्त्री यांनीं हा ग्रंथ इ. स. १९०९ मध्यें छापला; म्हणजे स्कॉट व रॅप्सन यांनीं लिहिलें तेव्हां तो त्यांच्यापुढें छापील रूपांत नव्हता. पुढील लेखकांपुढें मात्र होता.

हा भेद लक्षांत घेतला म्हणजे एकाच घड्यांतील दोन प्रकारांचा उलगडा होतो. ठसा मारलेलें नाणें कोशप्रवेश्य, न मारलेलें केवळ व्यावहारिक. धन्यानें जसजशी गरज पडली तसतशीं, आकार भरून, नाणीं ठोकून आणलीं व उरलेलीं बाजारासाठीं ठेवलीं. अर्थशास्त्रांतील नियम सातवाहनांच्या राज्यांत अक्षरशः चालत होता असें आमचें म्हणणें नाहीं; हें अनुमान आहे, व त्याचें बल एवढेंच कीं तें दोन्ही संख्यांचा अर्थ लावतें. सूडाचें मत पहिल्या संख्येचाच लावतें.

रकमेचा अंदाजही येथें उपयोगी पडतो. उषवदाताच्या लेखांत सत्तर हजार कार्षापण म्हणजे दोन हजार सुवर्ण, दर सुवर्णास पस्तीस, असा हिशेब आहे; आणि नाशिकच्या संघास त्यानें ठेव दिली ती तीन हजार कार्षापणांची. हे कार्षापण म्हणजे हींच रौप्य नाणीं असें मानल्यास जोगळटेंभीचा घडा सुमारें पावणेचारशें सुवर्णांचा, म्हणजे त्या संघाच्या ठेवीच्या चौपटीहून अधिक होतो. एवढें द्रव्य नव्या राजानें बाद केलें असतें तर गोवर्धनच्या पेठेंतील श्रेणी, ज्यांच्याकडे संघांच्या ठेवी होत्या, एका दिवसांत बुडाल्या असत्या. सातवाहनांपाशीं तोंवर शिसें, तांबें व पोटीन यांचीं नाणीं होतीं. रुप्याचें तयार चलन त्यांस क्षत्रपांकडूनच मिळालें. मिळालेली दुभती गाय कोणी मारीत नाहीं. तिच्यावर आपला डाग देतो.

पुढील इतिहास हेंच सांगतो. पुळुमावी, व पुढें यज्ञश्री सातकर्णी यांनीं रुप्याचीं नाणीं पाडलीं तीं मस्तकयुक्त. यज्ञश्रीचें असें एक नाणें भगवानलाल इंद्रजी यांस इ. स. १८८२ मध्यें सोपाऱ्याच्या स्तूपांत मिळालें. ज्या घराण्यानें 'तोंड फोडलें' असें म्हणतात, त्यानेंच पुढें त्याच धर्तीवर आपलें तोंड नाण्यावर घातलें. उलट दिशेनेंही तेंच झालें. क्षहरातांच्या मागून आलेल्या चष्टनानें आपल्या नाण्यांवर चंद्र व तारा यांसह त्रिकूट पर्वत घेतला, आणि तो त्याच्या वंशजांच्या नाण्यांवर चौथ्या शतकापर्यंत राहिला. सातवाहनांचें लांच्छन शकांनीं, शकांचें मस्तक सातवाहनांनीं. चष्टनाचा नातू रुद्रदामा आपल्या गिरनारच्या लेखांत दक्षिणापथपति सातकर्णीस दोनदां जिंकूनही जवळच्या नात्यामुळें उच्छेदिलें नाहीं असें सांगतो. या दोन घराण्यांचें वैर खरें होतें; पण तें शेजाऱ्यांचें व सोयऱ्यांचें वैर होतें, आणि त्याच रीतीनें तें नाण्यांवर उमटलें आहे.

आमच्या वऱ्हाडचा पुरावा याच बाजूस पडतो. मंगरूळपीरजवळ तऱ्हाळे येथें इ. स. १९३९ मध्यें सांपडलेला, दीड हजारांहून अधिक पोटीन नाण्यांचा निधि म. म. वा. वि. मिराशी यांनीं प्रसिद्ध केला. त्यांत गौतमीपुत्राचींही नाणीं आहेत. त्यांवर एका बाजूस सोंड वर केलेला हत्ती व दुसऱ्या बाजूस उज्जयिनी-चिन्ह. पर्वत नाहीं, मस्तक नाहीं. एकच राजा गोदातीरीं रुप्यावर पर्वत उमटवितो आणि विदर्भांत पोटीनवर हत्ती, कारण त्या त्या पेठेच्या हातास जें ओळखीचें तेंच तो चालू ठेवतो. समान राहतें तें उज्जयिनी-चिन्ह, म्हणजे घराण्याची खूण. त्याच्या मुद्रानीतीचें सूत्र हें. जोगळटेंभी त्यास अपवाद नाहीं.

आतां संग्राहक मित्रांस दोन शब्द, कारण वरील वाद केवळ कागदावरचा नाहीं. दुसरा ठसा म्हणजे विटंबना असें ठरल्यामुळें असें नाणें 'बिघडलेलें' समजण्याची प्रवृत्ति वाढली आहे. स्वच्छ मस्तकाच्या नाण्यास मोल अधिक, म्हणून तें निवडून घ्यावें व बाकीचें सोनारास द्यावें, असें घडतांना आम्हीं पाहिलें आहे. आमच्या तालुक्यांतील एका संग्राहकांनीं दाखविलेलें नाणें चिंचेनें व राखेनें इतकें घांसलेलें होतें कीं पर्वताखालील मूळ अक्षरें कायमचीं गेलीं. बरोबरचीं नाणीं कोठें गेलीं व निधि कोणत्या गांवचा, हेंही त्यांस सांगतां येईना. प्रस्तुत लेखांतील प्रत्येक प्रमाण, मग तें आडून दिसणाऱ्या नाकाचें असो, वजनाचें असो वा दहांत तीन या प्रमाणाचें, अशा एका घांसणीनें अथवा एका वांटणीनें नष्ट होणारें आहे. जोगळटेंभीच्या घड्यांतील चांगलीं तेवढीं निवडून ठेवलीं असतीं तर आज आपण सर्वच सूडाची कथा सांगत बसलों असतों व ती खोडण्यास साधन उरलें नसतें.

म्हणून विनंति एवढीच कीं, रुप्याचें जुनें नाणें हातीं आल्यास तें घांसूं नये, दोन्ही बाजूंचा छाप घ्यावा, वजन लिहावें, वरच्या ठशाबरोबर खालच्या ठशाचें जें दिसेल तेंही लिहावें, आणि निधि असेल तर वांटण्यापूर्वीं एकूण संख्या मोजावी. इ. स. १८७८ च्या निखातनिधीच्या कायद्याप्रमाणें दहा रुपयांवरील निधीची वर्दी कलेक्टरांस देणें हें सांपडविणाऱ्याचें कर्तव्य आहेच. नहपानाचें नांव गौतमीपुत्रानें राहूं दिलें होतें. तें पुसण्याचें काम आपल्या हातून होऊं नये.

फुलसावंगी, जि. यवतमाळ.